तोफडोंगराची उतरण

शामकला लग्न होऊन चांदटोल्याला आली, तेव्हा सासूने पहिली शिकवण दिली ती चुलीची नव्हती, डोंगराची होती. अनुसयाबाईने सुनेला अंगणात उभं केलं आणि बोट वर केलं.

"तो चुना फासलेला दगड दिसून राहिला का? तिथवरी सरपनाले जायचं. त्याच्या वर बाईनं पाय टाकायचा नाई."

"काऊन?"

"वर मेलेले हायेत."

सालेकशाच्या जंगलात टेकड्या पुष्कळ, पण तोफडोंगरासारखी वाट कुठलीच नाही. खाली बांबूचं दाट बन, मधे पायाखालून निसटणाऱ्या दगडांची घसरण आणि तिच्या डोक्यावर सरळ उभा काळा कातळ. कातळात एक फट होती. तिच्यातून अंग चोरून वर गेलं की माथा. कंपनी सरकारच्या काळात एका गोंड जमीनदाराची माणसं या माथ्यावर तग धरून बसली होती, असं टोल्यातले म्हातारे सांगत. खालून वेढा पडला, वरचं टाकं आटलं, त्यातून फारच थोडे जिवंत परत आले. त्यांची एक गंजकी तोफ अजून वर गवतात लोळत होती, तिच्यावरूनच डोंगराला नाव पडलं.

शामकला देवरीकडच्या रानातली. मोहफुलं वेचायला जायची तेव्हा भावंडांच्या आधी झाडाखाली पोचायची, म्हणून बाप तिला शेळी म्हणायचा. पण सासूने नाही म्हटलं ते तिने ऐकलं. वर जाण्याचं तिला कारणही नव्हतं. घरी दोन बैल, धानाचं थोडं वावर आणि हसऱ्या तोंडाचा नवरा. केवळरामला एकच नाद होता. वावरातून आगगाडीचे रूळ दिसत. गाडी आली की तो औत थांबवून शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत बघत राहायचा.

"हे जाते कुठं, एक डाव पाहून याचं हाय," तो म्हणायचा.

लढाई पेटली आणि गोंदियाला भरतीवाले येऊन बसले, तेव्हा तो गेला. वावराच्या बांधावर, धुऱ्यावर उभा राहून त्याने बायकोला सांगितलं, "पाहून येतो."

"पाहून या," शामकला म्हणाली. "पन या."

पुढच्या वर्षी लढाई तोफडोंगरावरही आली, निदान सरकारला तसं वाटलं. पूर्वेकडून जपानी विमानं येतील म्हणून माथ्यावर पहारा बसवायचं ठरलं. टिनाचं छप्पर, एक दुर्बीण, टेलिफोनची तार. पहाऱ्याचा मुख्य होता गोंदियाचा हुकुमचंद. अंगाने जाड, बोलायला मोकळा. त्याला वर चढवतानाच चार माणसांना घाम फुटला होता.

होळी झाली आणि वरचं टाकं कोरडं पडलं. पाणी वाहणारे ढिवर कावडीने पाणी न्यायला लागले, पण कातळाच्या फटीत कावड अडकायची. आडवी केली तर पाणी सांडायचं, उभी केली तर माणूस पडायचा. एकेक करून सगळ्यांनी काम सोडलं. मग हुकुमचंद स्वतः खाली उतरला आणि विहिरीजवळ बसून डोक्यावर घागर घेऊन जाणाऱ्या बायकांकडे बघत राहिला.

"कावड नहीं जाती," तो म्हणाला, "पर घागर तो जाएगी."

पोहरा ओढणारी बाई थांबली.

"मी आनीन," शामकला म्हणाली.

ती बोलून गेली खरी, पण घरी पोचेपर्यंत बातमी तिच्या आधी गेली होती. अनुसयाबाई दिवसभर भांडी जोरात आपटत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शामकला घागर घासायला बसली, तर सासूने जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून चुंबळ केलेली होती. ती तिने सुनेच्या हातात ठेवली.

"जाय," ती म्हणाली. "माहा पोरगा कोन्या डोंगरावर बसला असल कोन जाने. तू वरच्या मानसायले पानी दे. तिकडं त्याले कोनी देल."

पहिल्या दिवशी चुन्याच्या दगडापाशी शामकलाचे पाय थबकले. खालून पाहताना डोंगर अंगावर येत होता. तिने पाय टाकला, मग दुसरा टाकला, आणि तिच्या लक्षात आलं की आता डोंगर दिसतच नाही, फक्त पुढचा दगड दिसतो. घसरणीवर ती दोनदा गुडघ्यावर आली. फटीत गुडघे वाकवून, एक हात घागरीला लावून ती आडवी सरकली. वर पोचली तेव्हा घागर निम्मी झाली होती.

"आधा तो आया," हुकुमचंद म्हणाला आणि आधी तिलाच पाणी दिलं.

दुसऱ्या दिवसापासून ती घागरीच्या तोंडाला पळसाची पानं घालायला लागली. घसरणीवर पाय सरळ न टाकता आडवा टाकायचा हे पायांनीच शिकून घेतलं. पावसाळा आला की सुट्टी, होळी झाली की पुन्हा घागर. पाणी ओतल्यावर ती थोडा वेळ तोफेला टेकून बसायची. बोड्यांचं, लहान तळ्यांचं पाणी खाली आरशासारखं चमकायचं, गाडी कोशाच्या अळीसारखी सरकायची. मेलेले कुठे दिसले नाहीत. जपानी विमानही आलं नाही. एकदाच एक विमान घरघरत आलं. हुकुमचंदने टेलिफोनवर आरडाओरडा केला, आणि ते बिरशीच्या विमानपट्टीवर उतरणारं आपलंच निघालं. साहेबाने त्याला इतक्या शिव्या दिल्या की टेलिफोन कानापासून हातभर दूर धरून तो ऐकत होता. टोल्यातल्या बायका आधी तिला नावं ठेवायच्या. नंतर विहिरीवर गाठून हळूच विचारायच्या, वरून आपलं घर कसं दिसते वं?

लढाई संपली. छप्पर उतरवलं, तार गुंडाळली. आणि पुढच्या हिवाळ्यात केवळराम परत आला.

हातपाय शाबूत होते. अनुसयाबाईने त्याच्यावरून भाकर ओवाळून टाकली, तो पोटभर जेवला आणि झोपला. सकाळी त्याने दार उघडलं, समोर डोंगर पाहिला आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून तो मागच्या दाराने जायचा. दिवसभर खळ्यात डोंगराकडे पाठ करून बसायचा, झोपायचाही तिथेच, धानाच्या पेंढ्यात, तणशीत. गाडीची शिट्टी झाली तरी मान वळवायचा नाही. भुमक्याने, टोल्यातल्या देवऋषीने, अंगारा लावला, गोंदियाच्या डॉक्टरने बाटलीतलं औषध दिलं. दोन्हींनी सारखाच गुण आला.

"त्याले दवनीवाड्याले माह्या भावाकडं ने," अनुसयाबाई सुनेला म्हणाली. "तिकडं सपाट हाय सारं."

शामकलाने विचार केला. दवनीवाड्याला डोंगर नसेल, पण याच्या डोक्यात आहे तो तिथेही बरोबर येईल. आणि डोंगराची भीती खालून पाहतानाच जास्त असते, एवढं तिला ठाऊक होतं.

"सरपनाले चला," एके सकाळी ती नवऱ्याला म्हणाली. "भारा उचलत नाई माह्यानं."

हे खोटं होतं. तिच्या मानेकडे पाहून कोणालाही ते कळलं असतं. पण केवळराम उठला. बांबूच्या बनात ती पुढे चालली, तो तिच्या टाचांकडे बघत मागे. मोळी बांधून दोघे परत आले. काही दिवसांनी ती आवळे काढायला म्हणून त्याला थोडं वर घेऊन गेली. मग आणखी थोडं वर, मधाचं पोळं बघायला. पोळं नव्हतंच. तिने कधी काही विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. मात्र तो आता खळ्यात बसायचा तो डोंगराकडे पाठ करून नव्हे, तिरपा.

मोह गळायला लागला त्या दिवसांत दोघे चुन्याच्या दगडापर्यंत पोचले. केवळराम थांबला.

"याच्यावर बाया जात नाई ना?"

"मी गेली," शामकला म्हणाली. "पहारा होता तवा. पानी नेत होती."

हे त्याला कोणी कळवलं नव्हतं. तो तिच्याकडे खूप वेळ बघत राहिला, जणू ही बाई तो आताच पाहत होता.

"दाखव," तो म्हणाला.

घसरणीवर त्याचे पाय पक्के होते. फटीतून तो तिच्यामागे सरकला आणि दोघे माथ्यावर आले. वारा होता. तोफेला टेकून दोघे बसले, तिने गाठोड्यातली भाकर सोडली. खाली आपलं वावर शोधता शोधता केवळरामला आपलाच बैल दुसऱ्याच्या लाखोळीच्या पिकात शिरलेला दिसला.

"पाहा त्याले," तो म्हणाला आणि त्याच्या तोंडाची एक बाजू हसली.

उन्हं कलायला लागली तशी शामकला उठली. "चला, उतरू."

तो उठला नाही. "तू जाय. मी येतो मांगून."

ती फटीपर्यंत गेली, मागे पाहिलं. तो दोन्ही हातांनी गवत धरून बसला होता. ती परत आली, त्याच्यासमोर बसली.

"काऊन?"

तो खाली बघत बोलला. "बर्मात असाच डोंगर होता. चढलो तवा कोनाले काई झालं नाई. वर बसलो तवाबी नाई. मंग उतराचा हुकूम आला. माह्या समोरचा गेला, मांगचा गेला. मले काटाबी नाई लागला. माह्यासंग जो उतरते, तो राहत नाई. तू एकटी जाय."

तसं नसतं, असं म्हणणं शामकलाला सोपं होतं, पण ती बर्मात नव्हती.

"मी हा डोंगर रोज एकटी उतरली," ती म्हणाली. "रोज वाटे, पाय घसरला तं घरी आत्याले कोन सांगल. आता तुमी हाय तं एकटी कायले उतरू? आन तुमाले वर ठेवून गेली तं आत्या मले घरात घेनार नाई."

त्याने फटीकडे पाहिलं.

"समोरचा गेला, मांगचा गेला म्हनता ना? तं समोर नका जाऊ, मांग नका येऊ. बाजूनं चला."

तिने हात पुढे केला. गवत सोडायला त्याला वेळ लागला.

पण फटीत दोघे बाजूने मावत नव्हते. तिथे तो पुन्हा अडला. ती आत शिरली, एक हात मागे ठेवून त्याचा हात घट्ट धरला आणि बोलायला लागली. जे तोंडात आलं ते. हुकुमचंद कसा चढायचा, विमान कसं आलं, त्याने टेलिफोनमध्ये काय काय ओरडून सांगितलं. तिच्या मुठीतला हात घामाने ओला होता. फट संपत आली आणि तिची गोष्टही अडखळली.

"मंग?" मागून आवाज आला. "साहेबानं काय म्हटलं?"

उरलेली गोष्ट तिने कातळाखाली उन्हात उभं राहून सांगितली. घसरणीवर दोघे हात धरून बाजूबाजूने उतरत असताना तिचाच पाय सुटला. दगड गडगडले, ती बसकण मारून हातभर खाली गेली. केवळरामचा चेहरा पांढरा पडला. शामकला उठली, लुगडं झटकलं.

"पाहा," ती म्हणाली. "पडली, आन उठली."

एका दिवसात माणूस बरा होत नाही. त्यानंतरही केवळराम कितीतरी दिवस तणशीत झोपला, मधूनच घामाने भिजून उठायचा. पण तो पुढच्या दाराने जायला लागला. पुढे पाऊस लागल्यावर घरात झोपायला आला. धानाच्या रोवणीला चिखलात उभा राहून बायकांच्या गाण्यात चुकीच्या जागी आवाज मिसळायला लागला, आणि बायका त्याला हाकलायला लागल्या. मनात आलं की दोघं डोंगरावर जात. कधी तो पुढे असे, कधी ती.

सत्तेचाळीसच्या पावसाळ्यात शामकलाला मुलगी झाली. सालेकशाला झेंडा लागणार म्हणून टोल्यातले सगळे निघाले होते. ते केवळरामला बोलवायला आले, तर तो अंगणात पोरीला मांडीवर घेऊन बसला होता. घरात बाळंतिणीजवळ अनुसयाबाई शेक घेऊन बसली होती.

"तुमी जा," तो म्हणाला. "हे आताच झोपली." आणि सगळ्यांना दिसावं म्हणून त्याने पोरीच्या तोंडावरचं फडकं हळूच बाजूला केलं.