काळ्या दगडाखालचं पाणी

आमच्या गावाला ज्वालामुखीनं काळी माती दिली आणि काळा दगडही दिला. वाटणी मात्र गावानं केली. माती शेतवाल्यांच्या शिवारात गेली आणि दगड आमच्या वस्तीखाली आला.

बाभुळगावकडच्या या गावात मी सून म्हणून आले ती सातवी पास होऊन. भूगोलातला ज्वालामुखीचा धडा मला तोंडपाठ होता. पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेनं खडक वितळतो, दाब वाढतो, वरच्या कवचाला भेगा पडतात आणि लाव्हा बाहेर येतो. परिणाम काय, तर जमीन सुपीक होते. कोणाची, ते पुस्तकात नव्हतं.

छप्पन साली वस्तीनं धम्माची दीक्षा घेतली आणि गावची मेलेली ढोरं ओढणं बंद केलं. गावानं लगेच आमचं पाणी बंद केलं. तोवरची रीत अशी, की आमच्या बायकांनी घागर विहिरीशी ठेवून लांब उभं राहायचं आणि गावातल्या एखादीला दया आली की तिनं वरून पाणी ओतायचं. माझ्या सासूचा जन्म त्या दयेची वाट बघण्यात गेला. आता तीही आटली. नाल्यात झिरा खोदून गढूळ पाणी भरायचं, नाहीतर माफी मागून पुन्हा ढोरं ओढायची, एवढंच उरलं. आम्ही माफी मागू, याची गावाला खात्री होती.

वस्तीनं स्वतःची विहीर खोदायला घेतली. हातभर मुरूम निघाला आणि खाली काळा पाषाण लागला. पहार मारली की नुसत्या ठिणग्या उडायच्या. सासू म्हणाली, "पाणाड्याले बोलवा ना. हातावर नारळ ठेवून पानी सांगते तो." पुरुष मंडळी खवळली. देव सोडले, आता नारळ कायले? मग मी पदर खोचला आणि माझा भूगोल काढला. लाव्हा एकदाच आला नाही, थरावर थर साचले. दोन थरांच्या मधे तांबडी माती असते. तिच्याखाली गेलो तर पाणी लागेल.

"म्हंजे इथं आग होती?" सासूनं विचारलं.

"होती. फार वर्षांपूर्वी."

"मंग पानी कुठून येईन वं? जयलंच असन की सारं!"

सगळे हसले. मीही हसले. पण पाणी नाही लागलं तर मान खाली घालून गावाच्या दारात जावं लागणार होतं.

दोन उन्हाळे आम्ही दगड फोडला. दिवसभर परगावी मजुरी करायची आणि ऊन उतरलं की टोपल्या उपसायच्या. शेवटी तांबडा थर लागला आणि त्याच्या खालच्या भोकाभोकांच्या दगडातून पाणी झिरपायला लागलं. सासू ते ओंजळीत धरून कितीतरी वेळ रडली.

मग साठ सालानंतरचा एक कोरडा उन्हाळा आला. गावाची विहीर मऊ मुरमात, उथळ. खोल जायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. ती आटली आणि गावातल्या बायका आपापले दोर-बादल्या घेऊन आमच्या विहिरीवर आल्या. विचारणं नाही, बोलणं नाही. एकीनं येताच गोमूत्र शिंपडलं. आम्ही रक्त आटवून काढलेलं पाणी म्हणे आता शुद्ध झालं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगले चार शब्द सुनवायला पुढे झाले आणि सासूला सोबत घ्यावं म्हणून वळले, तर ती जागेवर नव्हती. लांब बाभळीखाली जाऊन, घागर भुईवर ठेवून उभी होती.

मी धावत तिच्याकडे गेले. "आत्याबाई, विहीर आपली हाये. तुमी काहून मांगं सरकल्या?"

"मले समजते वं," ती म्हणाली. "पाय आयकत नाही."