धुळ्याला मुलगी पाहायला जाताना मारलेला स्प्रे

मला घाम फार यायचा, आणि कातडी अशी नाजूक की साबण बदलला तरी काखेत चट्टे उठायचे. दीपनगरला नोकरी लागली आणि धुळ्याची मुलगी पाहायला जायचं ठरलं, तेव्हा मुलगी कशी असेल यापेक्षा माझ्या शर्टाचं काय होईल याचीच मला काळजी. त्यात मे महिना.

जळगावला एसटी बदलायची होती. स्टँडसमोरच्या दुकानात सोबत आलेले मेहुणे मला घेऊन गेले.

"नाजूक कातडीला चालेल असा स्प्रे द्या," मी म्हणालो.

"हा घ्या. आत्ता मारा, रात्रीपर्यंत वास हलणार नाही," दुकानदार म्हणाला. कातडीबद्दल तो काहीच बोलला नाही. मेहुण्यांनी आणखी दोन डबे हुंगले आणि मान डोलावून तोच घेतला. मी स्टँडवरच दोन्ही काखांत भरपूर मारून घेतला.

एरंडोलपर्यंत गारगार वाटलं. पारोळ्याला चुणचुण सुरू झाली. धुळ्यात उतरलो तेव्हा काखेत कुणी मिरची वाटत बसलंय असं वाटत होतं.

मुलीच्या घरी मी दोन्ही कोपरं बाहेर काढून, दंड अंगापासून लांब धरून बसलो. तिचे वडील माझ्याकडे कौतुकाने बघत होते.

"तालीममा जातस का?"

"रोज!" मी तोंड उघडायच्या आत मेहुणे बोलून गेले.

म्हातारा खूश. उठून त्यांनी माझा दंड चाचपला आणि प्रेमाने अंगाशी दाबला. मी ओरडलो, "आई गं!"

पोह्यांचा ट्रे घेऊन आलेली मुलगी दारातच थांबली. "काही लागलंय का तुम्हाला?"

मेहुणे डोळे वटारत होते, पण माझी सहनशक्ती संपली होती. "स्प्रे मारलाय. आग आग होतेय."

मग तिच्या वडिलांनी मला सरळ मागच्या मोरीत नेलं, शर्ट काढायला लावला आणि बादलीभर गार पाणी अंगावर ओतलं. आतून खोबरेल तेल आलं. उरलेला कार्यक्रम मी त्यांच्या ढगळ सदऱ्यात उरकला. पढवलेले प्रश्न मी विसरलो, तिने एकच विचारला, "आता बरं वाटतंय?"

आठवड्याभरात होकार आला. का, ते मी लग्नानंतर विचारलं.

"आमच्या आबांनी तुमच्याआधी बघायला आलेल्या कुठल्याच मुलाला आंघोळ घातली नव्हती," ती म्हणाली. "त्यानंतर नाही म्हणायला तोंड कुठे होतं?"