अध्यक्षांचा निंदाठराव

जगबुडी आली तरी आमचे अध्यक्ष आधी मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करतील आणि मगच नावेत पाय ठेवतील, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. आखाती युद्धानंतर माणसं कुवेतला परतली, तेव्हा आम्ही मराठी इंजिनिअरांनी एक मंडळ काढलं. ज्या घरातून कुणीच कॉलेजात गेलेलं नाही, त्या घरच्या मुलांना उच्च शिक्षणासाठी हात द्यायचा, हा उद्देश. पहिले अध्यक्ष हेच. सभासद व्हायला मात्र पदवी लागे. म्हणजे ज्यांच्या मुलांसाठी हा सगळा खटाटोप, त्यांनाच सभेत मज्जाव! मी हे एकदा बोलून दाखवलं, तर त्यावर त्यांनी उपसमिती नेमली. तिचा अहवाल अजून यायचाय.

कुवेत शहरातल्या बनेद अल-गार भागात अध्यक्षांच्या घरच्या हॉलमध्ये शुक्रवारी मार्गदर्शन वर्ग भरे. समोर आमचीच मुलं; त्यांची अमेरिकेतली कॉलेजं आधीच ठरलेली. ती 'येस अंकल' म्हणत सामोसे संपवायची. भर जूनमध्ये टाय बांधून अध्यक्ष त्यांना गरिबीवर मात करायला शिकवत. एकदा एसी बंद पडला, तर खिडकी उघडावी की नाही यावर गृहस्थाने मतदान घेतलं आणि मतं समसमान पडल्यावर स्वतःचं निर्णायक मत राखून ठेवलं. आम्ही तासभर उकडलो. जेवताना ते बायकोला म्हणत, 'सदर भाजीत मीठ कमी आहे, नोंद घ्यावी.' वहिनी 'घेतली' म्हणत आणि मीठ काही वाढत नसे.

अशा या मंडळाकडे इब्राहिमभाई आले. शुऐब्याच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डर, मूळचे दापोलीकडचे. त्यांची शमीम गावी बारावीला उत्तम मार्कांनी पास झाली होती. आखातात काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी एका इंजिनिअरिंग कॉलेजात काही जागा होत्या. फॉर्म इंग्रजीत, सोबत कंपनीची पत्रं, म्हणून त्यांनी सगळे कागद अध्यक्षांच्या हाती दिले. एका संध्याकाळचं काम. पण अध्यक्षांनी ते छाननी समितीपुढे ठेवलं. समितीत तिघं: ते, मी आणि एक जण मुंबईला रजेवर. शुक्रवारच्या बैठकीला गणपूर्ती झाली नाही, कारण मी सहकुटुंब खैरानच्या समुद्रकिनारी मासे भाजत बसलो होतो. अध्यक्ष एकटेच तीन तास थांबले आणि त्यांनी सभा नियमानुसार तहकूब केली. पुढच्या सभेपर्यंत मुदत उलटून गेली. पोरीचं वर्ष गेलं.

वार्षिक सभेला अध्यक्षांनी इब्राहिमभाईंना खास बोलावलं होतं. इतिवृत्त कायम झालं. मग ते उठले आणि स्वतःविरुद्ध निंदाव्यंजक ठराव वाचू लागले. एका विद्यार्थिनीचं वर्ष आपण नियमांच्या हौसेपायी बुडवलं, असं त्यात स्पष्ट होतं. उरलेले दोन सदस्य 'अपरिहार्य कारणास्तव अनुपस्थित' होते, असंही होतं. मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

'अनुमोदक कोण?' अध्यक्षांनी विचारलं. आम्ही सगळे पदवीधर बशीतल्या चटणीकडे बघू लागलो.

दाराजवळच्या खुर्चीवरून इब्राहिमभाई उठले. 'मी देतो, साहेब. ठराव पास करा नि फॉर्म भरायला घ्या. पोरगी घरी बसून रडते. पुढल्या साली ती जायला हवी.'

ते सभासद नाहीत, असं मी पुटपुटलो. सवय, दुसरं काय!

'अनुमोदक म्हणून त्यांचंच नाव लिहा,' अध्यक्ष म्हणाले.

पुढल्या वर्षी तो फॉर्म त्यांनी समितीला दाखवलासुद्धा नाही. रजा टाकून ते स्वतः शुऐब्याला गेले, कंपनीचा शिक्का मिळेपर्यंत ऑफिसच्या बाकावर बसून राहिले, आणि मुंबईला निघालेल्या एकाच्या हाती पाकीट देऊन आले. शमीमला प्रवेश मिळाला. इब्राहिमभाई पेढे घेऊन आले, तेव्हा अध्यक्षांनी कसलीही नोंद न घेता पेढा तोंडात टाकला.

आता ते निवृत्त होऊन पुण्याला गेलेत. मंडळ जोरात चाललंय. हल्ली अध्यक्ष मी आहे. अधूनमधून त्यांना फोन करतो, तब्येतीची चौकशी करतो. त्या शुक्रवारी मी कुठे होतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी एकदा तरी मला झापायला हवं होतं. फोन ठेवताना ते फक्त एवढंच विचारतात, 'यंदा किती मुलं गेली?'