मुरगळलेला पाय

गल्लीत त्याला सगळे फौजी काका म्हणत. पंचावन्नचा, टेलिफोनच्या तारा जोडण्यात हयात घालवलेला, डाव्या पायाने लंगडणारा माणूस. पाय लढाईत जायबंदी झाला, असं सगळे धरून चालत. त्याने तसं कधी सांगितलं नव्हतं. पण नाही, असंही म्हटलं नव्हतं. बसमध्ये लोक उठून जागा देत, दवाखान्यात पुढे सोडत, आणि हा मान खाली घालून बसे. लोकांना तो विनय वाटे. होती ती निव्वळ शरम.

एकोणतीस वर्षांपूर्वी लढाईत त्याची आणि टिल्लूची जोडी होती. टिल्लू म्हणजे एकोणीस वर्षांचं पोरगं, अंगाने एवढंसं, म्हणून ते नाव. दोघांचं काम एकच: पुढच्या चौकीपर्यंत टाकलेली फोनची तार तुटली की बाहेर जाऊन जोडायची. पक्कड एकच होती. आज याची पाळी, उद्या त्याची, आणि ज्याची पाळी त्याच्या खिशात पक्कड. त्यामुळे जायचं कुणी, यावर वाद घालायची सोयच नव्हती.

त्या सकाळी तोफगोळे पडायला लागले आणि फोन मुका झाला. चौकीतल्या चाळीस जणांना मागे फिरायचा हुकूम पोचवायचा होता, नाहीतर ते घेरले जाणार होते. पक्कड याच्या खिशात होती. हा उठला, खंदकाच्या तोंडाशी गेला, बाहेर पाहिलं आणि त्याची पाचावर धारण बसली. खाली बसून त्याने डावा पाय धरला.

"मुरगळला वाटतं," तो म्हणाला.

टिल्लूने आधी पायाकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. आणि हसला.

"दादा, तुमचा पाय अगदी वेळ बघून मुरगळतो हो," एवढंच म्हणाला, आणि त्याच्या खिशातली पक्कड स्वतःच काढून घेतली.

पोरगं सरपटत गेलं. तार दोन ठिकाणी तुटली होती. पहिला जोड देताना त्याच्या मांडीत गोळ्याचा तुकडा घुसला, हे नंतर त्याला उचलून आणणाऱ्यांनी सांगितलं. मांडीला पट्टा आवळून ते पुढे गेलं होतं. दुसरा जोड झाल्यावर त्याने स्वतःजवळचा फोन तारेला लावला.

"दादा, ऐकू येतंय?"

"येतंय."

"मग सोडा हुकूम."

हुकूम गेला, चाळीस माणसं वाचली. टिल्लू परत फिरला तेव्हा पुढचा गोळा पडला.

टिल्लूला पदक मिळालं. याला मिळाला तो पाय. थाप पचवायची तर निदान पंधरा दिवस लंगडणं भाग होतं. मग घरी आला. आईने पायाकडे बघून डोळ्यांत पाणी आणलं. तिच्यासमोर अचानक सरळ चालायचं कसं? पुढे बायको आली, मुलं झाली. सोंग घ्यायला क्षण पुरतो, उतरवायला मुहूर्तच सापडत नाही.

आता शाळेला टिल्लूचं नाव द्यायचं ठरलं. पाटीवरचा पडदा जखमी सोबत्याने ओढावा, अशी मुख्याध्यापकांची इच्छा. टिल्लूच्या आईने त्याला आदल्या दिवशी घरी बोलावलं. ऐंशीच्या घरातली बाई. हा तिला मावशी म्हणे आणि होईल तितकं टाळे. तो तीन जिने चढून आला तर खुर्चीपुढे गरम पाण्याचं घमेलं तयार.

"पाय टाक यात. ठणकत असेल," ती म्हणाली, आणि गुडघे धरत, कण्हत, त्याचा बूट काढायला खाली बसली.

मग मात्र त्याला राहवेना.

"नको मावशी. माझ्या पायाला काही झालेलं नाही."

"लाजतोस काय माझ्यासमोर?"

"तेव्हाही झालं नव्हतं."

आणि त्याने सगळं सांगितलं. म्हातारीने एक थोबाडीत द्यावी म्हणजे सुटलो, असं त्याला वाटत होतं. तिने घमेलं बाजूला सरकवलं.

"त्याला कळलं होतं?"

"हो."

"आणि तरी गेला."

"हसत गेला, मावशी."

"गाढव होता," ती म्हणाली आणि हाताने डोळे पुसले. "धाकट्या भावाने कप फोडला तरी मार हाच खायचा."

मग खुर्चीचा आधार घेऊन ती उठली.

"उद्या ये. पडदा तूच ओढ. जगाला सांगून आता काय मिळवायचंय? पण माझ्यासमोर सोंग नको. ऊठ, दारापर्यंत सरळ चालून दाखव."

तो उठला. सात-आठ पावलांचं तर अंतर. उजवा पाय टाकला, मग डावा. डावा आपोआप फरफटला. थांबून त्याने तो पुन्हा टाकला. पुन्हा तेच. सरळ कसं चालायचं, ते त्या पायाला ठाऊकच राहिलं नव्हतं.

"मी मुद्दाम नाही करत, मावशी," तो म्हणाला.

तिने यावर विश्वास का ठेवावा, याचं एकही कारण त्याच्यापाशी नव्हतं. तिच्या डोळ्यांदेखत तो लंगडत दारापर्यंत गेला.