किड्याच्या मागं

सावळेराम मेंढरं घेऊन घोड नदीत उतरला की आधी वाळू बघायचा. चैत्रात वर पाणी असायचंच कुठं? पण वाळूवर किडे पळायचे. बोटाच्या पेराएवढे, पाठीवर पिवळे ठिपके. चार हात पळायचं, थबकायचं, मुंगी धरायची, की परत पळायचं. माणसाचा पाय पडायच्या आत उडून पुढं बसायचे. बापानं सांगून ठेवलेलं, हा किडा ओलीवर जमतो. त्याची दाटी दिसली की हातभर उकर, पाणी लागतं. सावळेरामानं असे झिरे उभा जन्म उकरले. मेंढरं पिऊन झाली की निघताना झिऱ्याची एक कड उतरती करायची, होल्या-तितरांना पिता यावं म्हणून. हेही बापाचंच.

"बायकूचं आयकायचं न्हाई, किड्याचं बरं आयकता!" लंकाबाई टोमणा मारायची.

"किडा बडबडत न्हाई, म्हनून."

मग नदीत वाळूचे ट्रक उतरले. आठ-दहा वर्षांत पात्र खरवडून निघालं. किडे विरळ झाले, झिरेही.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात दोन दिवस कळपाच्या तोंडाला पाणी नव्हतं. लंकाबाई म्हणाली, "आवं, माज्या दादाभाऊच्या हिरीवर जाऊ. दोन कोस हाय, पन पानी खात्रीचं. गाभण मेंढ्या लई दमल्यात."

सावळेराम निघालाही होता. तेवढ्यात काठालगत वाळू हलल्यासारखी दिसली. किडेच किडे! कैक वर्षांत एवढे दिसले नव्हते.

"बग! आलं का न्हाई परत? थांब वाईच."

त्यानं उकरायला घेतलं. हातभर झालं, कमरेएवढं झालं. खाली वाळू उलट कोरडीच होत गेली, आणि खोरं मुरमावर खणकलं.

ट्रक भरणारा राघू वरून ओरडला, "ओ पावणं, काय पुरलंय का तितं? सकाळी टँकरच्या पाण्यानं गाडी धुतलीय आमी!"

सावळेरामानं वरची ओली वाळू चिमटीत धरली. किडेही फसले होते.

ऊन डोक्यावर आलेलं. गाभण मेंढ्या बसल्या त्या उठेचनात. अकरा. लंकाबाईनं एकीच्या तोंडावरून हात फिरवला, आणि उरलेली मेंढरं विहिरीच्या वाटेला लावली. बऱ्याच लांबून तिनं मागं वळून हाक मारली, "आवं, चला आता!"

सावळेराम खड्ड्यातच होता. कोरड्या झिऱ्याची एक कड उतरती करत होता.