काहीच न कळवण्याचा अर्थ

आमच्या भागीदाराइतका सगळं आधी ठरवून घेणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल. नागापूरच्या एमआयडीसीत आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. दूध संकलन केंद्रांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. वजनकाटा एका कंपनीचा, फॅट मोजायचं मशीन दुसरीचं, शेतकऱ्याचा मोबाईल तिसरीचाच. यांचं आपसात पटावं म्हणून मधे एक वर्णन लिहावं लागतं आणि त्यासाठी खास भाषा असतात. त्यांत काम काहीच होत नाही. कोण कोणाला काय देणार, ते आकडा असेल की अक्षरं, सक्तीचं की ऐच्छिक, एवढंच ठरतं. हा गडी त्या भाषांत इतका मुरला की माणसांशीही तसाच वागू लागला. माझी बायको एकदा सहज म्हणाली, 'या कधीतरी जेवायला.' यानं कधीतरी म्हणजे कोणत्या वारी ते विचारून घेतलं आणि बुधवारी हजर झाला. नाक्यावर चहा सांगतानाही 'कटिंग म्हणजे नक्की किती?' हे असायचंच. चहावाला म्हणायचा, 'निम्मा गलास. लई डोकं नका लावू साहेब, गार व्हतोय.'

त्याला खरी चीड रिकाम्या रकान्याची. एका केंद्रावर मशीन बंद पडलं, फॅटचा आकडा आलाच नाही आणि मोबाईलनं तिथे शून्य दाखवून टाकलं. दुसऱ्या दिवशी एक म्हातारबाबा ऑफिसात येऊन बसले. 'माझी म्हैस काय पानी देती व्हय?' भागीदारानं त्यांना हात जोडले आणि मग आम्हाला संध्याकाळपर्यंत झापलं. 'काही न कळवणं म्हणजे काय, हे आधी ठरवा. नाहीतर समोरचा त्याच्या मनानं अर्थ लावतो.'

अशा माणसाला मुलगी कोण देणार, असं आम्हाला वाटायचं. कर्जतची एक शिक्षिका निघाली. कांदेपोह्यांची बशी हातात असतानाच यानं तिला विचारलं, 'तुमच्या बाजूनं सक्तीचं काय काय?' मी कपाळाला हात लावला. ती मात्र हसली. 'शाळा सक्तीची. बाकीचं बोलून ठरवू.' परतताना हा गाडीत चक्क गुणगुणत होता.

निघताना तिचे वडील म्हणाले होते, 'सावकाश कळवा, घाई न्हाई.' यानं ते शब्दशः घेतलं. राहायचं कुठे, तिची बदली झाली तर काय, आईला कोण बघणार, सगळं पक्कं करूनच होकार द्यायचा म्हणून विचार करत बसला. 'अरे, एक फोन तरी कर,' मी म्हणायचो. 'अर्धवट कशाला कळवायचं?' हे त्याचं उत्तर. मुलगी बघून गेल्यावर निरोप आला नाही की आपल्याकडे नकारच धरतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दोन महिन्यांनी यानं फोन केला तेव्हा तिचे वडील म्हणाले, 'आमी समजलो, तुमची पसंती न्हाई. जमलं आता तिचं दुसरीकडं.'

त्यानं पुढे लग्न केलं नाही. मला फार वाईट वाटतं त्याचं. गेल्या महिन्यात मी आणि तो कर्जतकडच्या एका केंद्रावर मशीन जोडायला गेलो, तर केंद्रचालक तिचेच यजमान निघाले. ते कॅन उतरवून घ्यायला बाहेर गेले आणि ती चहा घेऊन आली. त्याच्यापुढे कप धरत तिनं शांतपणे विचारलं, 'माझं काय खटकलं हुतं तवा तुम्हाला?'

'काहीच नाही,' तो म्हणाला. 'होच म्हणायचं होतं.'

ती दाराला टेकून उभी राहिली. आमचा चहा संपत आला तेव्हा म्हणाली, 'मला वाटलं, मी शाळेचं बोलले म्हणून. इतकी वर्षं तेच वाटत हुतं.'

'त्यासाठीच तर पसंत केलं होतं.'

तिनं मान हलवली, रिकामे कप गोळा केले आणि आत गेली. येताना गाडी मीच चालवली. तो खिडकीशी बसून होता.