मंडळाची नवी चाल

आमचा नियम साधा होता. नवी कॅसेट आली की दोघींनी मिळून ऐकायची, एकटीने नाही. नियम माझा, कॅसेटी मात्र सगळ्या मैत्रिणीच्या, कारण जहाजावर नोकरीला असलेला भाऊ तिचा होता. ती गोराईची, मी कांदिवलीची. बोरिवलीच्या कॉलेजात एका बाकावर बसून आम्ही दोघी एका परदेशी बँडच्या प्रेमात पडलो होतो.

त्या बँडचं एकेक गाणं कॅसेटची अख्खी बाजू खायचं. मध्येच ठेका लंगडायचा, गाणारा गप्प व्हायचा आणि पुढची दहा मिनिटं नुसता ऑर्गन. वर्गातल्या इतरांना त्यातलं ओ की ठो कळत नसे, आणि मला त्याचाच माज होता.

घरातला टेपरेकॉर्डर बाबांचा, भजनांसाठी घेतलेला. बाबा गिरणीच्या सुतारखात्यात होते आणि आमच्या इमारतीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष उलटलं होतं, त्यामुळे ते दिवसभर घरीच. एकदा मी ते लांबलचक गाणं लावलं असताना दारात उभे राहून बोटांवर मोजत म्हणाले, "सात मात्रा. रूपक तालच वाजवतत ह्ये."

मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला नाही कळणार ते."

ते गॅलरीत निघून गेले. पुढे लायब्ररीतल्या एका मासिकात वाचलं, मात्रा खरोखर सातच होत्या. ते मी त्यांना सांगितलं नाही.

तो बँड कधीच फुटला होता. आता बातमी आली की भांडणं मिटवून सगळे पुन्हा एकत्र आलेत आणि नवी कॅसेट निघालीय. मी रोज मैत्रिणीच्या मागे लागायचे, भावाचं पार्सल आलं का? ती म्हणायची, नाही गं. शेवटी एका शनिवारी म्हणाली, "काल आली. उद्या ये."

त्याच सुमारास बाबा सकाळी दाढी करताना एक चाल गुणगुणायला लागले होते. शब्द नुसतेच विठ्ठल विठ्ठल, पण चाल गोड, एकदा कानावर पडली की दिवसभर न सुटणारी. संप सुरू झाल्यापासून मी त्यांना गुणगुणताना ऐकलंच नव्हतं. मला फार बरं वाटलं.

"नवी चाल?" मी विचारलं.

"होय. मंडळासाठी. गुरुवारी घेवया म्हणतंय." मग साबण पुसून ते युनियनच्या मीटिंगला परळला गेले. हल्ली रोजच मीटिंग असायची.

रविवारी मी होडीने खाडी ओलांडून गोराईला गेले. मैत्रिणीच्या घराच्या खिडक्या नव्या झाल्या होत्या, लाकडाला अजून रंग नव्हता. मी छान झाल्यात म्हटलं, तर तिने घाईघाईने कॅसेट लावली.

पहिलं गाणं चार मिनिटांत संपलं. मी चाटच पडले. मला वाटलं, ही प्रस्तावना असेल. मग दुसरं सुरू झालं, सरळ ठेक्यात, आणि गाणाऱ्याने तोंड उघडलं तर बाबांची चाल.

आधी माझ्या डोक्यात आलं ते हे, की या गोऱ्यांनी आमच्या मंडळाची चाल चोरली. आज हसू येतं, पण मी खरोखर तसंच समजले. मग मैत्रिणीकडे पाहिलं. तिचे ओठ गाणाऱ्याच्या अर्धा शब्द पुढे हलत होते.

"तू आधी ऐकलीयस."

"नाही गं. काय तू पण."

"आणि माझ्या बाबांनी कुठे ऐकली?"

तिने टेप बंद केला. "ते इथे येतात यार. खिडक्या त्यांनीच केल्या. मम्मीला सुतार पाहिजे होता, कोणीतरी त्यांना आणलं. कॅसेट येऊन पंधरा दिवस झाले. ते काम करायचे, मी लावायची. त्यांनी शपथ घातली ना मला, पोरीला सांगू नको म्हणून."

"मग आवडली असेल त्यांना."

"खूप. म्हणाले, आता गातत तरी. रोज विचारायचे, माझ्या पोरीला आवडेल ना हे?"

मी कॅसेट काढून पिशवीत टाकली आणि निघाले. ती धक्क्यापर्यंत मागे आली, मी वळून पाहिलं नाही. सोमवारपासून मी बाक बदलला.

राग सगळ्यांचा आला. बँडचा तर आलाच. पूर्वीसारखं काही वाजवलं असतं तर ते कोणाला दाढी करताना गुणगुणता आलं नसतं आणि मला काही कळलंही नसतं. नियम मोडला म्हणून तिचा आला. पण खरा राग बाबांचा होता. लोकांच्या दारात रंधा मारायची लाज त्यांना तिच्यासमोर वाटली नाही, माझ्यासमोर वाटली. माझ्याशी मीटिंगच्या थापा मारून ते परक्या पोरीसोबत माझं गाणं ऐकत बसले. माझा विश्वास दोघांनी मिळून मोडला होता.

बुधवारी संध्याकाळी मी म्हटलं, "बाबा, बसा. नवी कॅसेट आणलीय." मला त्यांना पकडायचं होतं. आजवर मी त्यांना कधी बसा म्हटलं नव्हतं. ते घाईने मांडी घालून टेपरेकॉर्डरसमोर बसले.

दुसरं गाणं सुरू व्हायच्या आधीच त्यांच्या बोटांनी गुडघ्यावर ठेका धरला. चाल आली तशी भुवया उंचावून म्हणाले, "अरे, चाल बरी आसा." पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे. मी वाट पाहत राहिले, आता सांगतील, आता सांगतील. गाणं संपलं. त्यांनी घसा खाकरला.

"ती तुझी जुनी लाव गो. सात मात्रांची. ती माका नीट समजाक नाय. तू सांग."

ती कॅसेट हाताच्या अंतरावर होती. मला त्यांच्या मात्रा बरोबर आहेत हे माहीत होतं.

"ती तुम्हाला नाही कळणार," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

गुरुवारी मंडळ बसलं. मी दाराशी बसून एकेक भजन ऐकत होते, ती चाल कधी येते याकडे कान लावून. शेवटी पेटीवाल्या काकांनीच विचारलं, "काय ओ, नवी चाल घेणार होतात ना?"

"नाय बसत ती," बाबा म्हणाले आणि त्यांनी नेहमीचं भजन सुरू केलं.